आठ डेटाबेस, एक सर्व्हर आणि तिसरी शिफ्ट

मी भोसरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमचे ग्राहक म्हणजे चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार. असे आठ ग्राहक, प्रत्येकाचं वेगळं पोस्टग्रेस, आणि सगळे ३२ जीबी रॅमच्या एकाच सर्व्हरवर.

एकदा रात्री दोनला फोन आला. "सर, चलन निघत नाहीये. गाडी गेटवर उभी आहे." माल वेळेत पोचला नाही तर मोठ्या कंपनीची लाईन थांबते, आणि बोलणी खातो तो हा छोटा माणूस.

लॉग बघितला. रॅम संपल्यामुळे लिनक्सने पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली होती. अशी एक जरी मेली, तरी पोस्टग्रेस सगळी कनेक्शन तोडून रिकव्हरीत जातं.

चूक माझीच होती. 'शेअर्ड बफर्सला रॅमच्या २५ टक्के द्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण तो अख्ख्या मशीनवर एकच पोस्टग्रेस असेल तेव्हाचा! मी आठही ठिकाणी ८ जीबी टाकले. झाले ६४. सुरुवातीला चाललं, कारण ही मेमरी डेटा वाचला जाईल तशी भरत जाते. डेटा वाढला आणि आम्ही अडकलो.

कॉट बेसिसवर राहिलात ना कधी? प्रत्येकाने आपल्या कॉटखाली पाण्याचे कॅन भरून ठेवले, तर खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. गच्चीवरची टाकी मात्र सगळ्यांची. लिनक्सची पेज कॅश म्हणजे ती टाकी. ज्याला गरज, त्याला मिळते.

मग मी प्रत्येकाचे शेअर्ड बफर्स ५१२ एमबीवर आणले. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, म्हणून मध्ये पीजीबाउन्सर बसवून कनेक्शन १०० वरून २० केली. आणि प्रत्येक ग्राहकाला मेमरीची कमाल मर्यादा घातली, म्हणजे एकाचा गोंधळ दुसऱ्याच्या गेटपर्यंत जात नाही.

"एकाच पोस्टग्रेसमध्ये आठ डेटाबेस का नाही?" मेमरी नक्की वाचली असती. पण एकाच ग्राहकाचा डेटा काल दुपारच्या स्थितीला न्यायचा असेल, तर वेगळं पोस्टग्रेस सोपं पडतं.

सेटिंग कॉपी करण्याआधी एवढंच विचारा: ह्या मशीनवर अजून कोण राहतं? भेटू पुढच्या भागात!