एका स्वल्पविरामात भाऊ किती?

दोन छोटी इंग्रजी वाक्यं 'हू' किंवा 'विच'नं जोडणं तसं सोपं. गोची होते ती स्वल्पविरामाशी. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ टीचर' हे सलग लिहिलंत, तर तुम्हाला एकाहून अधिक भाऊ आहेत आणि बोलणं नाशिकच्या भावाबद्दल चाललंय, असा अर्थ निघतो. आता 'ब्रदर'नंतर एक आणि 'नाशिक'नंतर एक स्वल्पविराम द्या. भाऊ एकच उरला. नाशिक ही नुसती जादा माहिती. बोलतानाही तिथे किंचित थांबतात, म्हणून रेडिओवर स्वल्पविराम दिसला नाही तरी ऐकू येतो!

पहिला देऊन दुसरा विसरणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक खास आपली. 'जो-तो'च्या सवयीनं आपण लिहितो, 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन'. तिथला 'ही' काढा, स्वल्पविरामही काढा.

आणि 'दॅट'? आवश्यक माहितीला 'दॅट', जादा माहितीला 'विच', अशी वाटणी हेन्री फाउलर यांनी १९२६च्या आपल्या कोशात सुचवली. ब्रिटिश लेखक ती काटेकोर पाळत नाहीत. पण जादा माहितीच्या स्वल्पविरामानंतर 'दॅट' प्रमाण इंग्रजीत चालत नाही. तिथे माणसाला 'हू' आणि वस्तूला 'विच'च लावा.