नवा लेखक आणि संपादकाची लेखणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



मला आज लेखनाविषयी बोलावयास सांगितले आहे. लिहावे कसे, हे सांगणारी मंडळी पुष्कळ आहेत. मी त्यापुढच्या एका गोष्टीविषयी बोलणार आहे. आपण लिहिलेले दुसऱ्याच्या हाती गेले, त्याने त्यावर जागोजागी खुणा केल्या, काही ओळी खोडल्या आणि कागद परत पाठविला, तर काय करावे? आपली कितीतरी मुले पहिला लेख मोठ्या उत्साहाने लिहितात. तो खुणा होऊन परत आला की दुसरा लिहीतच नाहीत. शिक्षक म्हणून मला याची फार काळजी वाटते.

मागे एकदा स्मरणिकेची छपाई झाल्यावर एक पालक मला भेटले. त्यांच्या मुलाचा लेख छापून आला होता, पण निम्मा कापून. ते म्हणाले, "सर, एवढे बदलल्यावर हा लेख आमच्या मुलाचा राहिला का?" प्रश्न अगदी रास्त होता. दोन मिनिटांत उत्तर देऊन भागण्यासारखा नव्हता, म्हणून आज तो सगळ्यांसमोर मांडतो.

आपल्या घरांत 'इस्लाह' हा शब्द नवा नाही. शायराने गझल लिहावी, उस्तादाकडे न्यावी, उस्तादाने एखादा शब्द बदलावा, एखादा शेर काढून टाकावा, ही आपल्याकडची जुनी रीत. हे कामही पुढे टपालाने चालू लागले. मिर्झा गालिब यांची मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत अमुक शब्द का चालत नाही, तमुक का चालतो, याची चर्चा आहे. गालिब नुसते खोडत नसत, कारण सांगत. तरुणपणी इक्बाल यांनीही आपल्या गझला दाग देहलवी यांच्याकडे टपालानेच पाठविल्या. दाग त्या वेळी हैदराबादला, निजामाचे उस्ताद होते. थोड्याच दिवसांत त्यांनी कळविले की, तुमच्या कवितेत आता दुरुस्तीला फारशी जागा नाही. तरीही इक्बाल यांनी त्यांचे शागीर्द असण्याचा अभिमान सोडला नाही, आणि १९०५ मध्ये दाग वारले तेव्हा त्यांच्यावर शोककाव्य लिहिले. इक्बालचे शेर दागचे झाले, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शेराला इस्लाह लागते हे आपण मान्य करतो. मग गद्याला का नको? आपल्या मराठी लेखाची एक ओळ कापली की घरात सुतक पडल्यासारखे का होते?

एक उदाहरण अमेरिकेतले सांगतो, कारण त्यात पहिला खर्डा आणि छापलेले पुस्तक दोन्ही आज वाचायला मिळतात. हार्पर ली नावाच्या तरुण बाईंनी १९५७ साली आपली पहिली कादंबरी एका प्रकाशनसंस्थेकडे दिली. तेथील संपादिका टे होहॉफ यांना त्यातल्या एकेका वाक्यात लेखिकेचा कस दिसला, पण ती कादंबरी आहे असे वाटेना. सुटे प्रसंग ओळीने ठेवल्यासारखे वाटले. त्या हस्तलिखितात एक मोठी झालेली मुलगी शहरातून गावी परत येते आणि मधूनमधून तिला आपले लहानपण आठवते. या आठवणीच सर्वांत जिवंत होत्या. तेव्हा सगळी गोष्ट त्या लहान मुलीच्या नजरेतून लिहा, अशी सूचना झाली. म्हणजे जवळजवळ सगळे पुन्हा लिहा!

हार्पर लींनी दोन वर्षांहून अधिक काळ ते काम केले. काही सुखाने केले नाही. एका रात्री त्यांनी वैतागून सगळे कागद खिडकीतून बाहेर बर्फात फेकले आणि रडत संपादिकाबाईंना फोन केला, असे सांगतात. बाईंनी एवढेच सांगितले की, आधी खाली जा आणि कागद गोळा करून आण. ती कादंबरी, 'टू किल अ मॉकिंगबर्ड', १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पहिले हस्तलिखित 'गो सेट अ वॉचमन' या नावाने २०१५ मध्ये छापले गेले. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दिसते की, संपादिकेने आपली वाक्ये आत घुसडली नाहीत. जे लेखिकेचेच होते, पण कोपऱ्यात पडले होते, ते मधोमध आणायला लावले. त्या पालकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला येथे मिळते.

आता उरलेले निम्मे. ते अधिक नाजूक आहे, कारण ते आपल्या घरच्या भाषेशी जोडलेले आहे.

आपल्या मुलांच्या वहीतील सर्वच खुणा एका जातीच्या नसतात. उर्दूत पुस्तकाला किताब म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी, म्हणून मूल मराठीतही 'माझी पुस्तक' लिहिते. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. उर्दू लिपीत जेर, जबर, पेश बहुधा लिहीतच नाहीत, तेव्हा ह्रस्व-दीर्घाचा घोळ होणारच. मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये ठरले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. ते शिकता येतात. अशा जागी लाल खूण पडली तर तो मुलाचा अपमान नाही आणि त्याच्या अम्मीच्या बोलीचाही नाही. हे मुद्रितशोधकाचे काम आहे. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नये.

पण बोली ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या ओव्या म्हणत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातेवाईक ते टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. सोपानदेव स्वतः कवी होते, शिकलेले होते. त्यांना त्या ओळी पुस्तकी मराठीत 'सुधारून' घेणे सहज शक्य होते. त्या बोलीत 'ळ' चा 'य' होतो, डोळ्याला डोया म्हणतात. एखाद्या नियमनिष्ठ तपासनिसाने प्रत्येक डोयाचा डोळा केला असता तर यमके मोडली असती, आणि असोद्याच्या शेतातली बाई पुण्याच्या वर्गात जाऊन बसली असती. तसे झाले नाही. काय बदलायचे नाही हे ओळखणे, हा संपादनाचा मोठा भाग आहे. दुर्दैवाने तो छापील पानावर दिसत नाही, म्हणून त्याचे श्रेय कुणी देत नाही.

तेव्हा नव्या लेखकाने प्रत्येक खुणेपुढे मान तुकवावी, असे मी म्हणत नाही. मुंबईच्या 'सत्यकथा' मासिकाचे उदाहरण घ्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तेथील संपादक. नव्या लेखकाची कथा परत येई ती सूचनांसह. कथा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहावी लागे. अनेक चांगले लेखक त्या तालमीत तयार झाले. पण सगळ्यांचेच लेखन एका साच्यात बसविले जाते, अशी तक्रारही झाली, आणि १९६९ मध्ये काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. अंक जाळणे मला रुचत नाही. तक्रारीत मात्र तथ्य नव्हते, असे म्हणवत नाही. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडले. आज मागे वळून पाहताना वाटते, एवढ्या बारकाईने वाचून भांडण्याजोगी सूचना करणारे किती संपादक उरले?

हल्ली पैसे भरले की पुस्तक छापून मिळते. मजकूर जसा दिला तसा. छापण्यापूर्वी तो कुणी वाचलेला नसतो आणि छापल्यावरही फारसे कुणी वाचत नाही. गठ्ठे माळ्यावर राहतात. अशा लेखकाला कुणी दुखावले नाही हे खरे, पण त्याला कुणी वाचक म्हणून भेटलेही नाही.

खुणा पाहून राग येतो, तो येऊ द्यावा. माझा अनुभव असा की, कागद दोन दिवस कपाटात ठेवून मग पुन्हा वाचला तर निम्म्या खुणा आपोआप पटतात. उरलेल्यांपैकी काहींत संपादकाची सूचना चूक असते, पण त्याने बोट ठेवलेली जागा बरोबर असते. तेथे वाचक अडखळतो एवढे नक्की. मग त्याचा शब्द घेऊ नये, आपला तिसरा शोधावा. आणि जी खूण मुळीच पटत नाही, तिच्यासमोर कारण लिहून कळवावे. बोलता येणे हे जिवंत लेखकाचे भाग्य आहे. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात गाजले, आणि १९१८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले. त्यांच्या काही कविता अपुऱ्याच राहिल्या. तेथे हा शब्द ठेवू का, असे कुणाला विचारणार?

आता व्यवहाराचे. पुढील स्मरणिकेसाठी लेख कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून लिहावा. आम्ही खुणा पेन्सिलीने करू, लाल शाईने नाही, आणि जेथे मजकूर कापला असेल तेथे कापण्याचे कारण लिहू. छपाईला देण्यापूर्वी प्रत्येक लेख विद्यार्थ्याकडे आठ दिवस परत येईल. त्याने प्रत्येक खुणेपुढे 'मान्य' लिहावे किंवा हरकत लिहावी. घरातील बोलीचा शब्द कापला गेला असेल आणि तो हवाच असेल, तर तसे निःसंकोच सांगावे. पालकांना एकच विनंती आहे. उत्तर मुलाला लिहू द्या. अब्बांचे किंवा भाईजानचे अक्षर आम्हाला ओळखू येते.