तीन नद्यांच्या तीरावर आपले स्वागत



स्वागत समितीच्या आणि सिरोंचा तालुक्यातील जनतेच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. आलापल्लीपासूनचा जंगलरस्ता पार करून आपण महाराष्ट्राच्या या टोकापर्यंत आलात, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

पूर्वमध्ययुगातील वसाहती आणि सांस्कृतिक देवाणघेवाण हा आपल्या परिषदेचा विषय आहे. व्हायकिंग म्हटले की लूटमार आठवते. पण नद्यांवाटे आत शिरलेले पुष्कळजण तिथेच संसार थाटून राहिले. ९११ च्या सुमारास फ्रँक राजाने रोलो या व्हायकिंग सरदाराला सीन नदीकाठचा मुलूख दिला. काही पिढ्यांत त्याच्या माणसांची भाषा फ्रेंच झाली आणि १०६६ मध्ये तीच भाषा घेऊन त्यांचे वंशज इंग्लंडात उतरले. मुलूख जिंकणाऱ्यालाही शेजार घडवतो, तो असा.

त्याच अकराव्या शतकात आमच्या इंद्रावती नदीच्या वरच्या अंगाला, बस्तरात, छिंदक नागवंशी राजे नांदत होते. त्यांचे शिलालेख तेलुगूत आहेत, तसेच नागरी लिपीतही आहेत. ज्या प्रजेसाठी लिहायचे, तिची लिपी राजांनी आपलीशी केली.

देवाणघेवाणीचा हा वारसा सिरोंचात आजही जगतो आहे. प्राणहिता इथेच गोदावरीला मिळते, इंद्रावती सोमनूरजवळ. १८६० मध्ये इंग्रजांनी अप्पर गोदावरी जिल्हा केला, त्याचे ठाणे सिरोंचाला होते. १८७४ मध्ये हा भाग चांदा जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये गडचिरोलीत. सरहद्दी फिरल्या, माणसे जागीच राहिली. म्हणूनच इथल्या कितीतरी घरांत तेलुगू, शाळेत मराठी आणि जंगलातल्या गावांत माडिया ऐकू येते. पोळाही आमचा आणि बतकम्माचा तेलुगू सणही आमचाच. २०२२ च्या प्राणहिता पुष्करात महाराष्ट्र, तेलंगण आणि छत्तीसगड या तिन्ही राज्यांतल्या भाविकांनी एकाच पाण्यात स्नान केले.

राजांचे लेख अभ्यासकांनी वाचले आहेत. कोणते कूळ कोठून आले, कोणाच्या आधाराने स्थिरावले, हे मात्र गावातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीच आहे, आणि ती पिढी थकत चालली आहे. म्हणून यजमान या नात्याने माझे एकच मागणे आहे. या तालुक्यातील गावांचा मौखिक इतिहास माडिया, तेलुगू आणि मराठीत नोंदवण्याचा ठराव परिषदेने करावा, आणि त्या कामात तेलंगण व छत्तीसगडच्या अभ्यासकांना बरोबरीने घ्यावे. गावागावांत आपल्या सोबतीला येण्याची जबाबदारी आम्ही सिरोंचावासी आजच स्वीकारतो.