हाडाचे वेळापत्रक



सायकलशर्यतींविषयी बोलावयास उभा राहणारा मनुष्य बहुधा विजयाची कथा सांगतो. मी आज आपणांस एका अपघाताची आणि त्यानंतर मी केलेल्या दोन पुनरागमनांची हकीगत सांगणार आहे. त्यांतील पहिले फसले, दुसरे साधले. दोन्ही वेळी मनुष्य तोच होता, सायकल तीच होती आणि इच्छाही तितकीच तीव्र होती. मग फरक कोठे पडला, एवढाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम आपल्या शहराविषयी दोन शब्द. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. येथे उत्तरेकडील कडाक्याची थंडी नाही आणि मे महिन्यातील ऊनही इतर ठिकाणांच्या मानाने सुसह्य असते. शहरापासून थोड्या अंतरावर नंदी टेकडी आहे. तिचा माथा १,४७८ मीटर उंच आहे आणि वर जाणारा वळणावळणांचा रस्ता चढणीच्या सरावासाठी जणू मुद्दाम आखल्यासारखा वाटतो. राज्याच्या उत्तरेकडील विजयपूर आणि बागलकोट या जिल्ह्यांतून शेतकरी कुटुंबांतील मुले या खेळात पिढ्यानपिढ्या येत आहेत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढून जाणाऱ्यांची नावे महाराष्ट्रात जशी आदराने घेतली जातात, तसाच आदर त्या भागात चांगल्या सायकलपटूच्या वाट्याला येतो.

परंतु या अनुकूलतेत एक धोकाही दडलेला आहे. युरोपात हिवाळा येतो आणि शर्यती थांबतात. निसर्गच खेळाडूस विश्रांती घ्यावयास लावतो. आपल्याकडे बाराही महिने सायकल चालविता येते, म्हणून आपण बाराही महिने चालवितो. येथे मोसम संपतो तो बहुधा कोणीतरी पडल्यामुळे. माझा चौथा मोसम असाच संपला.

रस्त्यावरील शर्यत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. तेथे स्पर्धक एकेकटे धावत नाहीत, घोळक्याने धावतात. सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडून काढण्यात खर्च होते. पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याचे जवळजवळ एक-तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून प्रत्येक जण पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आपले चाक ठेवतो. वेग ताशी ४० किलोमीटरांहून अधिक असतो आणि पुढचा रस्ता दिसत नाही. डोळ्यांऐवजी विश्वासावर चालणारा असा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

त्या सकाळी एका उताराच्या वळणावर वाळू पसरली होती. माझे पुढचे चाक सरकले आणि मी डाव्या खांद्यावर आदळलो. उठून बसलो तेव्हा प्रथम सायकलीकडे पाहिले; चेन उतरली होती, ती बसविण्यासाठी हात पुढे केला आणि हात वर येईना. हासळीचे हाड मोडले होते. सायकलस्वारांत सर्वाधिक मोडणाऱ्या हाडांपैकी हे एक आहे. हात टेकून पडा अथवा खांद्यावर पडा, धक्का शेवटी त्या बारीक, वळणदार हाडापर्यंत पोहोचतो.

डॉक्टरांनी हात झोळीत बांधला आणि सहा आठवडे सांगितले. मी घरी येऊन भिंतीवरील कॅलेंडर पाहिले. राज्याची निवड-शर्यत पाचव्या आठवड्याच्या शेवटी होती. त्याच क्षणी मी मनाशी ठरविले की माझे हाड पाच आठवड्यांत जुळेल. आज हे वाक्य उच्चारताना मला हसू येते. त्या वेळी ते मला धैर्याचे वाटले होते.

हाड कसे जुळते हे मी नंतर समजून घेतले. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो. त्यात हळूहळू क्षार साठून तो कठीण होतो. या क्रियेस सहा ते बारा आठवडे लागतात. आपल्या मूळच्या आकाराकडे व बळाकडे हाड परतते ते त्यानंतरच्या कित्येक महिन्यांत. यातील फसवी गोष्ट अशी की वेदना यापैकी कोणत्याही टप्प्याची वाट पाहत नाही. ती फार आधीच ओसरते. दुखत नाही म्हणजे बरे झाले, असे खेळाडू समजतो. वास्तविक त्या वेळी काम अर्ध्यावर आलेले असते.

पाचव्या आठवड्याअखेर मी शर्यतीच्या आरंभरेषेवर उभा राहिलो. खांदा दुखत नव्हता. परंतु न कळत मी डावी बाजू जपत होतो, सारा भार उजवीकडे टाकत होतो, आणि तासाभरात उजवा गुडघा ठणकू लागला. त्याहून वाईट म्हणजे मला भीती वाटत होती. एका वळणावर, जेथे कोणीही ब्रेक दाबीत नाही तेथे, मी ब्रेक दाबला. माझ्या मागच्या चाकाला एका तरुण मुलाचे चाक लागले आणि तो पडला. तो उत्तरेकडील एका खेड्यातून रात्रभर बसने प्रवास करून आला होता. त्याला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. परंतु वर्षभराच्या मेहनतीची त्याची शर्यत तेथे संपली. मी मात्र उभा राहिलो होतो.

मित्रहो, माझे हाड हा माझा खाजगी प्रश्न आहे असे मी मानीत होतो. घोळक्यात कोणाचेही हाड खाजगी नसते, हे मला त्या मुलाच्या फाटलेल्या जर्सीने शिकविले.

गुडघ्याने मला पुढचे कित्येक महिने घरी बसविले. त्या सक्तीच्या विश्रांतीत मी ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूची हकीगत वाचली. १९८६ मध्ये तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकन. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९८७ रोजी, शिकारीच्या वेळी नातेवाइकाच्या बंदुकीतील छर्रे चुकून त्याच्या अंगात घुसले. उजवे फुप्फुस निकामी झाले आणि पुष्कळ रक्त गेले. तो वाचला, परंतु तीसहून अधिक छर्रे शरीरातच ठेवावे लागले. १९८७ आणि १९८८ या दोन्ही वर्षी तो तूरमध्ये उतरू शकला नाही. १९८९ च्या इटलीच्या शर्यतीत तो डोंगरांत मागे पडत राहिला. त्या शर्यतीच्या अखेरच्या दिवशी मात्र तो दुसरा आला. त्यानंतर काही आठवड्यांनी, २३ जुलै १९८९ रोजी, व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरांच्या वेळेविरुद्धच्या टप्प्यास सुरुवात झाली, तेव्हा तो लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. संध्याकाळी तो ८ सेकंदांनी विजयी ठरला.

लोक त्या ८ सेकंदांचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. मला अधिक मोलाची वाटतात ती मधली दोन वर्षे. एका विजेत्याने घोळक्याच्या शेपटाशी राहणे पत्करले आणि तरी शर्यत सोडली नाही, हा त्या विजयाचा पाया होता.

येथे कोणी आक्षेप घेईल की त्वरेने परतणारेही आहेत. होय. नेदरलँड्सची आनेमीक फान फ्लूटेन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना उतारावर पडली आणि तिच्या पाठीच्या कण्यास तीन ठिकाणी तडे गेले. पुढच्याच वर्षी ती वेळेविरुद्धच्या शर्यतीत जगज्जेती झाली. २०२२ मध्ये तर कोपराचे हाड मोडले असतानाही काही दिवसांतच तिने रस्त्यावरील विश्वविजेतेपद पटकाविले. परंतु तिच्या मागे डॉक्टर होते, संघ होता आणि अनेक वर्षांच्या अनुभवातून आलेली स्वतःच्या शरीराची पारख होती. माझ्यापाशी केवळ कॅलेंडर होते. अपवादाचे धैर्य उसने घेता येते, त्याची पारख उसनी मिळत नाही.

दुसऱ्या वेळी मी हाडाला त्याचे वेळापत्रक ठरवू दिले. प्रथम चाललो, नुसता चाललो. सायकल चालविताना शरीराचा भार हाडांवर फारसा पडत नाही, त्यामुळे अनेक सायकलपटूंची हाडे अपेक्षेहून विरळ असतात. चालणे आणि वजन उचलणे हे त्यासाठी उपयोगी पडते. मग घरात रोलरवर सायकल चालविली, मग पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने. ज्या वळणावर पडलो होतो तेथे एका रविवारी जाऊन मी तेच वळण वीस वेळा उतरलो, प्रत्येक वेळी किंचित अधिक वेगाने. ब्रेककडे बोटे आपोआप जाईनाशी झाली तेव्हाच घोळक्यात पाऊल टाकले, तेही सर्वांत मागे. पहिल्या शर्यतीत माझा क्रमांक शेवटून तिसरा होता. इतक्या समाधानाने मी कधीच अंतिम रेषा ओलांडली नव्हती, कारण त्या दिवशी माझ्यामुळे कोणी पडले नाही.

येथे जमलेल्या पालकांना व शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. जखमी मुलास ‘केव्हा खेळणार?’ असे विचारू नका. तो प्रश्न त्याने स्वतःला दिवसातून शंभर वेळा विचारलेला असतो. ‘आज काय जमले?’ असे विचारा. आणि तरुण मित्रांनो, पुढच्या वर्षीही शर्यती होणार आहेत. नंदीची टेकडी कोठेही जात नाही.

तो बसने आलेला मुलगा पुढील मोसमात मला पुन्हा आरंभरेषेवर भेटला. मी क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, “आज तुम्ही पुढे राहा, मी मागे येतो.” घोळक्यात याहून मोठा विश्वास कोणी कोणावर टाकू शकत नाही.