परक्या हवेतील केळ

घराच्या मागील अंगास मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते, तेथे दोन केळी आणि अळवाचा एक वाफा, हे महाराष्ट्रातील जुन्या घरांचे ठरलेले चित्र आहे. सत्यनारायणाला केळीचे खांब हवेत, जेवणावळीला पाने हवीत, श्रावणात अळूवडी हवी, म्हणून ही झाडे परसात आली, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते खरेही आहे. परंतु ती नेमकी मोरीपाशीच का लावली गेली, ह्या प्रश्नात बागाईतीचे एक मोठे तत्त्व दडलेले आहे.

केळ, अळू, कासाळू ही सारी उष्ण व दमट प्रदेशातील मंडळी. तेथे वारा बेताचा, हवा ओलसर आणि उंच वृक्षांखाली ऊन थोडे. त्या थोड्या उन्हाचा वाटा मिळविण्यासाठी पान रुंद झाले. केळीचे पान पुरुषभर उंचीपेक्षाही लांब वाढते. अशा पानाला थंड राहण्यासाठी सतत पाणी बाहेर टाकावे लागते. दमट हवेत हा खर्च झेपतो. कोरड्या वाऱ्यात मात्र मुळे जितके पाणी वर चढवितात, त्याहून अधिक पानातून उडून जाते. भर दुपारी केळीच्या पानाचे दोन्ही अर्धे मधल्या शिरेवर खाली मिटतात, ते ह्या ओढाताणीमुळेच.

थंड देशांतील बागवानांपुढे संकट वेगळे असते. इंग्लंडातील हौशी माणूस बागेत जपानी केळ लावतो, आणि हिवाळ्याच्या तोंडी तिची पाने कापून खोडाभोवती गवताचा जाड वेठण गुंडाळतो. दक्षिण अमेरिकेतील गनेरा नावाच्या वनस्पतीची पाने छत्रीहून मोठी असतात. थंडी येताच तीच पाने कापून तिच्या गड्ड्यावर पालथी घालतात. म्हणजे झाडाचे पांघरूण झाडच पुरविते. ह्या साऱ्या खटाटोपात पान वाचविण्याचा हट्ट कोणी धरीत नाही. पान हिमाने जळते, कधी खोडही सडते; परंतु जमिनीतील कंद शाबूत राहिला की वसंतात नवा कोंब वर येतो. जपानात १६८१ च्या सुमारास एका कवीच्या झोपडीपाशी त्याच्या शिष्याने अशीच एक केळ लावली. तिला तेथील भाषेत ‘बाशो’ म्हणतात, आणि तेच नाव धारण करून तो कवी जगप्रसिद्ध झाला. वाऱ्याने फाटणारी तिची पानेच त्याला प्रिय होती.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. खानदेशात रावेर, यावल ह्या भागांत केळीची मोठी बागाईत आहे, आणि तेथील शेतकरी पौष-माघाच्या थंडीला चांगला ओळखतो. हवा १६ अंशांखाली उतरली की केळीची वाढ मंदावते; १० अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबते. म्हणून तो बागेच्या कडेने शेवरीची दाट ओळ लावून वारा अडवितो, गारठ्याच्या रात्री विहिरीचे पाणी सोडतो आणि पहाटे काडीकचरा पेटवून धूर करतो. विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

छत्रपती संभाजीनगरात ह्या दोन्ही संकटांची गाठ पडते. हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांपर्यंत खाली येतो, वैशाखात दिवसा तो ४० अंशांच्या वर जातो. मलिक अंबराने १६१० मध्ये जेथे आपले नगर वसविले, त्या गावाचे नावच खडकी. आजही पुष्कळ ठिकाणी हातभर खणताच मुरूम लागतो. अशा भूमीत केळ लावणाराने प्रथम जागा पाहावी. घराच्या पूर्वेची बाजू उत्तम. सकाळचे कोवळे ऊन मिळते, दुपारी भिंतीची सावली पडते आणि पश्चिमेचा झोंबरा वारा अडतो. दोन हात लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात गाळाची माती आणि कुजलेले शेणखत भरावे. मृगाच्या पावसानंतर मुनवा लावावा, म्हणजे थंडीपूर्वी मुळे धरतात. वाळलेली पाने हिवाळा सरेपर्यंत खोडावरून काढू नयेत. ती त्याची घोंगडी होत. पुढे तीच आळ्यात पसरावी, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते.

आता खरा प्रश्न पाण्याचा. वाढलेल्या केळीला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे १५ ते २० लिटर पाणी लागते. अंबराने डोंगराच्या कुशीतले पाणी भुयारी नहरीने नगरात आणले. आज ते पैठणच्या नाथसागरातून येते. इतक्या दुरून आणलेले पिण्याचे पाणी शोभेच्या पानांवर ओतणे कोणाही विचारी गृहस्थाला रुचणार नाही. परंतु १५ ते २० लिटर म्हणजे स्नानाची एक बादली. एका माणसाच्या स्नानाचे पाणी हा एका केळीचा दिवस होय. मोरीपाशी केळ लावणाऱ्या जुन्या गृहिणीने हा हिशेब कागदावर मांडला नव्हता, तो संसारात मांडला होता. पूर्वी भांडी राखेने घासली जात; आजच्या साबणांत क्षार अधिक असतात. म्हणून न्हाणीचे पाणी घ्यावे, कपड्यांचे टाळावे, मधूनमधून स्वच्छ पाणी द्यावे आणि अळवाच्या पानांवर ते पडू न देता मुळाशीच सोडावे.

एवढे करूनही चैत्रात पाने करपतील, वाऱ्याने त्यांच्या चिंध्या होतील. त्याने खचून जाऊ नये. फाटलेल्या पानातून वारा निसटतो आणि झाड उभे राहते. अळवावरचे पाणी क्षणभंगुर म्हणतात. अळवाचे पानही तसेच. परंतु मातीखालचा कंद ओला आणि उबदार राहिला, तर पहिल्या पावसाबरोबर नवे पान गुंडाळीतून बाहेर येते. परक्या हवेत झाड जगवावयाचे, तर पानाचा मोह सोडून कंद राखावा. ज्या घरी सांडपाणी वाया जात नाही, तेथे हे अवघड नाही.