न्याहारीचा प्रश्न



मुळशी तालुक्यातील ज्या माण गावाच्या शिवारात एके काळी भाताची खाचरे होती आणि जेथे आज संगणक-व्यवसायाच्या उत्तुंग इमारती, त्यांच्या पायथ्याशी बांधकाम-मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या व या दोहोंच्या मध्ये जुन्या गावकऱ्यांची घरे एकाच दृष्टिक्षेपात येतात, तेथे भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. राष्ट्राराष्ट्रांतील मुलांच्या आरोग्यविषयक सवयींची तुलना कशी करावी, हा विषय मला या गावानेच सुचविला.

इंग्लंड, फिनलंड व नॉर्वे येथील संशोधकांनी १९८२ साली आरंभिलेले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चालणारे शालेय मुलांचे सर्वेक्षण आज ११, १३ व १५ वर्षांच्या मुलांमध्ये युरोपातील बहुतेक देशांत व कॅनडात दर ४ वर्षांनी घेतले जाते. एकच वय, एकच प्रश्न, दोन देशांच्या दोन शेकडेवाऱ्या आणि त्यांची वजाबाकी, इतके हे काम कागदावर सुलभ दिसते.

परंतु न्याहारीचाच प्रश्न घ्या. त्या प्रश्नावलीत न्याहारी म्हणजे पेलाभर दूध अथवा फळांचा रस यांहून अधिक काही, असा खुलासा असतो. आमच्या येथील मूल उठल्यावर चहात बटर बुडवून खाते आणि शाळेस निघण्यापूर्वी भाजी-भाकरी खाते. पहिल्यास ते चहा म्हणते, दुसऱ्यास जेवण, आणि न्याहारी करतोस काय, असे विचारल्यास पूर्ण सचोटीने ‘नाही’ असे उत्तर देते. सवयीतील म्हणून दप्तरी नोंदली जाणारी ही तफावत वस्तुतः शब्दातील असते. धूम्रपानाविषयी विचारून थांबणारा प्रश्न दातांना तंबाखूची मिश्री लावणाऱ्या मुलीला गाठतच नाही. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती अजमाविण्यासाठी स्वतःची निजण्याची खोली आहे काय, असे विचारले जाते. पत्र्याच्या एका खोलीत पाच जण राहणाऱ्या मुलाला तो प्रश्न कळतो, पण त्याच्याच शेजारच्या, भरपूर जमीन असलेल्या एकत्र कुटुंबातील मुलाचे उत्तरही ‘नाही’ असेच येते. म्हणून एखाद्या गुणधर्माशी प्रत्येक प्रश्नाचा असलेला संबंध दोन्ही समाजांत समान आहे, हे गणिताने पारखून घेतल्यावाचून सरासऱ्या शेजारी शेजारी मांडणे मला सर्वथा गैर वाटते.

दुसरी गोष्ट नमुन्याची. एका वर्गातील मुले एकमेकांसारखी वागतात. ४० मुलांच्या वर्गांतून १,२०० मुले निवडली आणि वर्गांतर्गत साधर्म्याचा गुणांक केवळ ०.०५ धरला, तरी १ + ३९ × ०.०५ या हिशेबाने विचरण जवळजवळ तिपटीने फुगते व त्या १,२०० मुलांची साक्ष सुमारे ४०० मुलांइतकीच उरते. मूल, वर्ग, शाळा आणि देश अशा पायऱ्यांचे प्रतिमान याकरिताच हवे. त्यातही हजेरीपटावर नाव नसलेले, ऊसतोडीस आईबापांबरोबर गेलेले मूल कोणत्याच पायरीवर नसते. भारतात २००७ साली झालेले जागतिक शालेय आरोग्य सर्वेक्षण तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांतील होते. ते आकडे ‘भारत’ या नावाखाली परदेशांशी ताडून पाहताना हा तपशील गळतो, याचे मला दुःख होते.

तिसरी गोष्ट काळाची. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज काळानुसार बदलते, हे पुण्यात आग्रहाने मांडले आणि अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी तितक्याच आग्रहाने वाद घातला. त्या वादाचा निवाडा मी येथे करीत नाही; परंतु मागील ७ दिवसांत किती दिवस तासभर हालचाल केलीस, या प्रश्नाला लावणीच्या आठवड्यात आणि परीक्षेच्या आठवड्यात एकच मूल निरनिराळे उत्तर देईल, हे त्यामुळे मला प्रथम उमगले.

उद्याच्या बैठकीपुढे माझी एक सूचना आहे. या परिसरातील शाळांच्या संमतीने प्रत्येक वर्गात चिठ्ठ्या टाकून मुलांचे तीन गट पाडावेत. एकास ‘न्याहारी केलीस काय’, दुसऱ्यास ‘सकाळी काही खाल्लेस काय’ आणि तिसऱ्यास ‘शाळेत येईपर्यंत काय काय खाल्लेस’ असे विचारावे, आणि तिन्ही उत्तरांतील अंतर मोजून झाल्यावरच परदेशांचे कोष्टक उघडावे.