लगाम बदलतांना



बदलापूर ह्या नांवाविषयीं आमच्याकडे एक आख्यायिका सांगतात. पूर्वीं घाटाकडे जाणारे स्वार येथें थांबत, दमलेले घोडे बदलून ताजे घेत, आणि त्यावरून गांवाला बदलापूर म्हणूं लागले. तिची सत्यासत्यता इतिहासज्ञांनीं ठरवावी. पण घोडा कोणताहि असो, लगाम स्वाराच्या हाताच्या बेताचाच लागे, ह्यांत संशय नाहीं. आजच्या स्वाराचा घोडा म्हणजे मोटारसायकल आणि लगाम म्हणजे तिचें हँडल. तें वांकलें किंवा गंजलें म्हणजे नवें कोणतें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी साधा शाळामास्तर. यंत्रशास्त्राची पदवी मजजवळ नाहीं. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या रस्त्यावर मीं पुष्कळ वर्षें मोटारसायकल चालविली आहे, आणि पाना हातीं धरण्याची लाज कधीं बाळगली नाहीं.

विषय कोणास क्षुल्लक वाटेल. माझा एक जुना विद्यार्थी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर काम करतो. गाडी घसरून हँडल वांकलें, तेव्हां त्यानें दुकानांत टांगलेलें एक बुटकें, सरळ, चकचकीत हँडल पसंत केलें. गाडी दिसूं लागली मोठी ऐटबाज! पण दोन महिन्यांच्या आंत त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीला व शेजारच्या बोटाला मुंग्या येऊं लागल्या. ज्याचें पोट बोटांवर चालतें त्याचीं बोटें बधिर होणें, ही ऐटीची हानि नव्हे, भाकरीची हानि आहे.

असें कां व्हावें? हँडलाचे आकार उगीच जन्मास आलेले नाहींत. इंग्लंडांत १९५० नंतरच्या काळांत तरुण मंडळी शर्यतीच्या गाड्यांचें अनुकरण करून बुटकीं हँडलें लावूं लागली. वेगांत वाऱ्याचा दाब छातीवर येतो आणि पुढें झुकलेल्या स्वाराचा भार तो कांहींसा पेलतो. आमच्या रस्त्यावर ताशीं तीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्यास तसा वारा कोठून मिळणार? मग तो सारा भार तळहातांवर पडतो, आणि करंगळीकडे जाणारी नस मनगटापाशीं दबते. तात्पर्य, दुसऱ्याच्या रस्त्यासाठीं घडलेला लगाम आपल्या हाताला जाचतो.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट, हँडलच वांकलें आहे काय, तें पाहावें. पुष्कळदां पडल्यावर नळी सरळ राहते, पण पुढचे दोन फोर्क आपल्या पकडींत किंचित् पिळले जातात, आणि हँडल तिरकें भासतें. अशा वेळीं नवें हँडल घेऊन पैसे मात्र जातात, तिरकेपणा जात नाहीं. नळी खरोखरच वांकली असेल, तर ती ठोकून सरळ करण्याच्या भरीस पडूं नये. एकदां वांकलेला धातु पुन्हां वांकविला म्हणजे त्या जागीं दुबळा होतो. पोलाद बहुधा मोडण्यापूर्वीं वांकून सूचना देतें. ॲल्युमिनियम हलकें खरें, पण त्यांत पडलेली बारीक चीर कित्येकदां मोडेपर्यंत दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट मापांची. मुख्य मापें तीन: रुंदी, उंची आणि मुठींचा मागें येणारा कल. तरफेचा नियम आपण शाळेंत शिकलों आहोंत. मूठ मध्यापासून जितकी दूर, तितकें चाक वळविण्यास बळ कमी लागतें, पण हात अधिक फिरवावा लागतो. उल्हासनगरच्या कॅम्पांतील गर्दीच्या गल्ल्यांतून अति रुंद हँडल नेणें म्हणजे पदोपदीं कोणाच्या तरी आरशाला धक्का देणें होय. उलट, अति अरुंद हँडल घेतलें, तर पावसाळ्यांतील खड्ड्यांत चाक आडवें जाऊं लागलें असतां तें आवरत नाहीं. गाडी बनविणाऱ्यांनीं ह्या दोहोंचा मेळ घातलेला असतो. म्हणून जुनें हँडल भंगारांत देण्यापूर्वीं दोरीनें त्याचीं तिन्ही मापें घेऊन कागदावर लिहून ठेवावीं. शक्य तर तें हँडलच दुकानांत न्यावें. जुन्या मापाचा त्रास होत असेल, तर फरक करावा, पण तो बोटा-दोन बोटांचा. गाडीवर ताठ बसून डोळे मिटावे आणि हात सहज पुढें करावे. कोपरें किंचित् वांकलेलीं व मनगटें सरळ असतां मुठी जेथें लागतील, तेंच आपलें माप.

तिसरी गोष्ट जाडीची. आपल्या नेहमींच्या गाड्यांत मुठीपाशीं नळीची जाडी बहुधा २२ मिलिमीटर असते. परंतु मधल्या क्लॅम्पपाशीं कांहीं हँडलें २५.४, तर कांहीं २८.६ मिलिमीटर जाडीचीं येतात. क्लॅम्प एका मापाचा व नळी दुसऱ्या मापाची, असें असतां मध्यें पत्र्याची चकती घालून भागविणारे कारागीर भेटतात. त्यांना दुरूनच नमस्कार करावा. हँडल चालतांना क्लॅम्पमध्यें फिरलें, तर स्वाराच्या हातीं कांहींच उरत नाहीं. तसेंच कित्येक हँडलांना स्विचाची खुंटी बसण्यासाठीं बारीक भोंक असतें. तें नव्या नळीला आहे कीं नाहीं, हें आधींच पाहावें.

बाजाराविषयीं दोन शब्द. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांनीं कल्याणच्या लष्करी छावणींत संसार थाटले. १९४९ सालीं त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि शून्यांतून त्यांनीं केवढा व्यापार उभा केला, तें आपण पाहतोंच. अशा मोठ्या पेठेंत अस्सल मालहि असतो आणि स्वस्त नक्कलहि असते. दुकानदार मागाल तें देतो. मागणें गिऱ्हाइकाचें काम आहे. हँडल काउंटरच्या कांचेवर ठेवून दोन्ही बाजू सारख्या टेकतात काय, नळी पुरेशी जाड आहे काय, मुलाम्याखालीं फुगवटा आहे काय, हें पाहावें, आणि पावती घ्यावी.

कायद्याचाहि विसर पडूं नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ नमुन्याहून गाडी बदलण्यास प्रतिबंध करतें. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच अर्थ कायम केला. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास प्रत्येकीं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. हँडलाचा कोणता फरक ह्या कलमांत बसतो, हा वाद वकिलांनीं खुशाल करावा; मूळ मापाचें हँडल घेणाऱ्यास तो ऐकण्याचेंहि कारण नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें डॉक्टरांना हात दाखविला आणि जुन्या मापाचें हँडल पुन्हां बसविलें. कांहीं आठवड्यांनीं मुंग्या कमी झाल्या. आज तो लेथवर पूर्ववत् काम करीत आहे. ऐटीचें हँडल त्याच्या माळ्यावर पडून आहे.

शेवटीं एक परीक्षा सांगतों. ती गॅरेजमधून बाहेर पडण्यापूर्वीं करावी. क्लॅम्पचे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेल्या क्रमानेंच आवळलेले असावेत. नंतर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, ती न्यूट्रलमध्यें आहे ह्याची खात्री करून, इंजिन चालू करावें आणि हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण फिरवावें. फिरवितांना इंजिनचा आवाज आपोआप चढला, तर ॲक्सिलेटरची वायर ताणली जात आहे असें समजावें. क्लचची वायर व ब्रेकची नळी कोठें ताणत किंवा चिमटत नाहीं ना, बोटें टाकीला अडकत नाहींत ना, आरशांत मागचा रस्ता दिसतो ना, हेंहि पाहावें. ह्यांतील एकहि गोष्ट अडली, तर मेकॅनिकला पुन्हां हांक मारण्यास संकोचूं नये. दोन मिनिटांचें हें काम आहे. पण बदलापूरच्या वळणावर, भर पावसांत, समोरून टँकर येत असतां तें करतां येत नाहीं.